फास्ट मोडेम, जुना कॉम्प्युटर : आधी पोर्ट बघा

या वेळी मोडेमवरची पत्रं इतकी आली की सगळा कॉलम त्यांनाच दिलाय. जुना घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करून चालू करायचा, मग त्याला मिळेल तो सगळ्यात फास्ट डायल-अप मोडेम, म्हणजे फोनलाइनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलणारा, जोडायचा आणि मग काहीतरी अडतं, असा साधारण क्रम दिसतो. आणि अडलं की दोष सरळ मोडेमवर टाकून लोक दुसरा मोडेम शोधायला लागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तसं करू नका, मोडेम बहुतेक वेळा ठणठणीत असतो, गोची असते ती कॉम्प्युटरचा सिरियल पोर्ट (मोडेमची केबल लागते ती जागा), मधली केबल आणि सेटिंग यांच्यात. मोडेमला द्यायच्या, "एटी"ने सुरू होणाऱ्या कमांड इथे देवनागरीत छापल्यात, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.

प्रश्न : माझ्याकडे ४८६ प्रोसेसरचा पीसी आहे, त्यावर विंडोज ३.१. बाहेरून जोडायचा ३३.६ चा (सेकंदाला ३३,६०० बिटांचा) मोडेम लावलाय. डायल होतो, कनेक्ट होतो, पण फाइल डाउनलोड करताना सारखे सीआरसी एरर (डेटा बिघडल्याची खूण) येतात आणि स्पीड पार पडतो. फोनलाइन खराब असेल का?

नाही, आणि हे इतक्या खात्रीने सांगण्यामागे कारण आहे. तुमच्या मोडेममध्ये व्ही.४२ नावाची एरर करेक्शन असते, म्हणजे दोन मोडेमच्या मधल्या वाटेत काही बाइट बिघडले तर मोडेमच ते परत मागवून घेतो, तुमच्या सॉफ्टवेअरला पत्ताही लागत नाही. लाइन खराब असली तर स्पीड कमी होईल, मधेच कनेक्शन अडखळेल, तुटेलही, पण बिघडलेला डेटा कॉम्प्युटरपर्यंत येणार नाही. तेव्हा व्ही.४२ लागू असताना सीआरसी एरर दिसत असेल तर डेटा हरवतोय तो मोडेम आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या वीतभर केबलच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे सिरियल पोर्टवर.

आता तिथे काय होतं ते बघा. सिरियल पोर्टचं सगळं काम एक चिप करते, यूएआरटी म्हणतात तिला. आयबीएम पीसीत ८२५० होती, एटीमध्ये १६४५० आली आणि या दोघींमध्ये आलेला बाइट ठेवायला जागा एकाच बाइटची. नळाखाली एकच वाटी धरून बसल्यासारखं आहे ते, वाटी भरली की पुढचा थेंब पडायच्या आत कोणीतरी ती रिकामी करायलाच हवी. ते रिकामं करण्याचं काम प्रोसेसरचं. पोर्ट १,१५,२०० वर ठेवला तर प्रत्येक बाइटला स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट, म्हणजे साधारण ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट दारात उभा. विंडोज ३.१ तेवढ्यात डिस्कवर लिहीत असेल किंवा स्क्रीन रंगवत असेल तर त्याला यायला उशीर होतो, तोवर नवा बाइट जुन्यावर येऊन बसतो आणि जुना गेला. याला ओव्हररन म्हणतात.

यावर उपाय म्हणून १६५५०ए चिप आली, तिच्यात १६ बाइटचा बफर आहे आणि प्रोसेसरला कधी हाक मारायची ते १, ४, ८ किंवा १४ बाइटवर ठरवता येतं. ८ वर ठेवलंत तर १,१५,२०० च्या स्पीडलाही प्रोसेसरला जवळजवळ ७०० मायक्रोसेकंदांची सवड मिळते. नावातला शेवटचा "ए" महत्त्वाचा आहे बरं का, कारण नुसत्या १६५५० मध्ये तो बफर होता पण सदोष होता, त्यामुळे सॉफ्टवेअर तो वापरतच नाही.

तुमच्याकडे कुठली चिप आहे हे बघायला विंडोजमधून बाहेर या, सरळ डॉसमधून एमएसडी हा तपासणीचा प्रोग्राम चालवा आणि कॉम पोर्टच्या, म्हणजे सिरियल पोर्टच्या, पानावर सगळ्यात खाली यूएआरटीचं नाव वाचा. ८२५० किंवा १६४५० दिसलं तर इलाज कार्डाचा करायचा, मोडेमचा नाही. १६५५०ए असलेलं मल्टी आय-ओ कार्ड (ज्यावर सिरियल पोर्ट असतात ते) टाका, किंवा जुन्या कार्डावर ती ४० पायांची लांब चिप सॉकेटमध्ये असेल तर काढून त्याच जागी १६५५०ए बसवा, पाय जुळतात. आणि ड्रायव्हरचंही बघा, विंडोज ३.१ चा मूळ ड्रायव्हर या बफरचा नीट फायदा घेत नाही, विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.११ मधला बराच सुधारलेला आहे. तोपर्यंत पोर्ट १९,२०० वर आणून ठेवा, एरर थांबतील, पण मग सेकंदाला १,९२० बाइटच्या वर काही मिळणार नाही, म्हणजे मोडेमची निम्मी ताकद वायाच.

प्रश्न : १६५५०ए आहे, एमएसडीत बघितलं. तरी मोठी फाइल अपलोड करताना अडकतं. मित्राकडून इनिट स्ट्रिंग (मोडेमला सुरुवातीला द्यायच्या कमांडची ओळ) घेतली, "एटी&एफ&के३", त्याच्याकडे व्यवस्थित चालते. माझ्याकडे का नाही? माझा मोडेम यूएस रोबोटिक्सचा आहे, त्याचा रॉकवेल चिपचा.

उत्तर तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या वाक्यातच आहे. रॉकवेल चिपच्या मोडेमवर &के३ म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल (साठा भरला की वेगळ्या तारेवरून थांब म्हणायची सोय) चालू करा. यूएस रोबोटिक्सवर &के हा विभागच कॉम्प्रेशनचा आहे, तिथे &के३ ने फ्लो कंट्रोलला हातही लागत नाही. मोडेम ओके म्हणतो, कारण कमांड त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, आणि आपण समजतो की झालं काम. एटी कमांडचा गाभा सगळीकडे सारखा, एटीडीटी, एटीएच, एटीझेड कुठेही चालतं, पण & लावलेल्या कमांड प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने वाढवल्यात. त्यामुळे दुसऱ्याची स्ट्रिंग उचलायची असेल तर त्याचा मोडेम कुठल्या घराण्याचा ते आधी विचारा.

तुमच्यासाठी "एटी&एफ१" पुरेसं आहे, त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल धरूनच सगळं सेट होतं. हाताने करायचं तर &एच१ आणि &आर२. आणि टर्मिनल प्रोग्राममध्येसुद्धा आरटीएस-सीटीएस (थांब-पाठव सांगायच्या दोन तारा) निवडा आणि एक्सऑन-एक्सऑफ (तेच डेटामधल्या खास अक्षरांनी सांगायची पद्धत) बंद करा, दोन्ही टोकांना एकच भाषा हवी. अपलोडमध्येच अडकतं याचं कारण असं की कॉम्प्युटर पोर्टवर १,१५,२०० ने ओततो आणि मोडेम लाइनवर ३३,६०० ने पाठवतो, मधला साठा भरला की मोडेमने सीटीएस खाली करून थांब म्हणायला हवं, पण फ्लो कंट्रोल बंद असल्यामुळे तुमचा मोडेम ते म्हणतच नाहीये.

केबलही तपासा. २५ पिनांची साधी बारकी केबल असते त्यात कधीकधी फक्त तीनच तारा असतात, पाठवायची, घ्यायची आणि ग्राउंड. तीन तारांवर आरटीएस-सीटीएस जाणार कुठून?

वरच्या प्रश्नाशी याची गल्लत मात्र करू नका. फ्लो कंट्रोलने ओव्हररन बरा होत नाही. प्रोसेसरला बाइट आलाय हेच कळलं नसेल तर तो थांब तरी कोणाला म्हणणार, म्हणून दोन्ही दुखणी वेगळी आणि दोन्हींचे इलाज वेगळे.

प्रश्न : "कनेक्ट १,१५,२००" असा मेसेज येतो. मोडेम तर ३३.६ चा आहे. इतका स्पीड खरंच मिळतोय का?

नाही, तो आकडा कॉम्प्युटर ते मोडेम एवढ्या पोर्टचा आहे. लाइनचा खरा स्पीड बघायचा तर बऱ्याच रॉकवेल मोडेमवर एटीडब्ल्यू२ दिलं की तो सांगायला लागतो, यूएस रोबोटिक्सवर कनेक्शन तुटल्यावर एटीआय६ द्या, सगळा हिशोब निघतो. पोर्ट मात्र १,१५,२०० वरच राहू द्या. व्ही.४२बीस या कॉम्प्रेशनमध्ये मोडेम साधा मजकूर दाबून पाठवतो, चांगल्यात चांगलं म्हणजे चौपट, त्यासाठी पोर्टला मोकळी जागा हवी. झिप किंवा जेपेग फाइल आधीच दाबलेली असते, तिथे काही वाढणार नाही.

प्रश्न : आतला मोडेम बसवला, जुन्या आयसा स्लॉटचं कार्ड आहे, कॉम३ वर ठेवला. मोडेम चालू झाला की माउस गोठतो. मोडेम बंद, माउस परत चालू. काय प्रकार आहे?

आयआरक्यूची, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायच्या तारेची, टक्कर आहे, आणि पीसीच्या मूळ रचनेतच ती ठेवलेली आहे. कॉम१ आणि कॉम३ दोघांना आयआरक्यू ४, कॉम२ आणि कॉम४ दोघांना आयआरक्यू ३. पत्ते वेगवेगळे, ३एफ८, २एफ८, ३ई८, २ई८, पण बेल एकच. तुमचा माउस कॉम१ वर असणार. मोडेमचा जंपर (कार्डावरची सेटिंग बदलायची छोटी टोपी) कॉम२ वर न्या आणि मदरबोर्डवरचा किंवा आय-ओ कार्डावरचा कॉम२ बंद करा, नाहीतर दोन कॉम२ होतील आणि मग मोडेम सापडणारच नाही. कार्डावर आयआरक्यू ५ किंवा ७ निवडायची सोय असेल तर कॉम३ वर ठेवूनही चालेल, फक्त ५ वर साउंड कार्ड बसलेलं नाही ना एवढं बघा, आणि सॉफ्टवेअरमध्ये पण तोच नंबर द्यायला लागेल.

आतल्या मोडेमची एक चांगली गोष्ट सांगतो. खरा हार्डवेअर मोडेम असेल तर तो स्वतःची यूएआरटी घेऊन येतो, १४.४ च्या पुढच्या कार्डांवर ती १६५५०ए सारखीच वागते. ज्यांच्या मशीनवर १६४५० आहे आणि नवीन आय-ओ कार्ड मिळत नाहीये त्यांच्यासाठी हा चांगला मार्ग आहे.

प्रश्न : पीसीआय स्लॉटचा आतला मोडेम आहे, ५६के, विंडोज ९८ वर मस्त चालतो. त्याच मशीनवर डॉसमधून चालवायला गेलो तर सापडतच नाही, लिनक्समध्ये पण नाही. खराब झालाय का?

खराब नाही, अर्धाच आहे. त्याला विनमोडेम किंवा सॉफ्टमोडेम म्हणतात. पूर्ण मोडेममध्ये दोन कामं चिपवर होतात, एटी कमांड, एरर करेक्शन, कॉम्प्रेशन हे कंट्रोलरचं काम आणि लाइनवरचा आवाज बनवायचा-ओळखायचा हे डीएसपी या सिग्नल हाताळणाऱ्या चिपचं. कंट्रोलरलेस प्रकारात पहिलं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलं, आणि दुसऱ्या प्रकारात दोन्ही कामं टाकली, कार्डावर उरलं ते फोनलाइनला जोडायचं सर्किट आणि आवाज आत-बाहेर करायची एक चिप. ड्रायव्हर नाही तर मोडेमच नाही, म्हणून डॉसला तिथे कॉम पोर्ट दिसत नाही. लिनक्समध्ये काही चिपसाठी ड्रायव्हर निघाले, पण ते ठरावीक कर्नलपुरतेच, त्यावर भिस्त ठेवू नका.

ओळखायचं कसं? कार्ड हातात घ्या, जवळपास रिकामं, एक-दोन चिप आणि एक छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा तेवढंही नाही, तर सॉफ्टमोडेम. खोक्यावर कमीत कमी पेंटियम हवा आणि विंडोज हवं असं लिहिलंय, तर सॉफ्टमोडेम. बाहेरचा, ९ किंवा २५ पिनांच्या सिरियल केबलचा आणि स्वतःचा अडॅप्टर असलेला मोडेम हा पूर्ण असतो, त्याला ड्रायव्हर म्हणून जे लागतं ती फक्त कमांडची यादी असते. जुन्या मशीनसाठी मी कोणालाही बाहेरचा सिरियल मोडेमच घ्या म्हणून सांगेन, डॉस असो, मॅक असो, अमिगा असो, तो सगळीकडे जातो. आणि सॉफ्टमोडेम ४८६ मध्ये चुकूनही नका घालू, प्रोसेसरचा जीव तेवढा नाही.

प्रश्न : जुन्या मॅकला २८.८ चा मोडेम लावलाय. कनेक्ट होतो आणि डाउनलोड जोरात सुरू झालं की थोड्या वेळात आपोआप लाइन तुटते. पीसीवर हाच मोडेम तासन्‌तास चालतो.

फार छान निरीक्षण आहे तुमचं, "जोरात सुरू झालं की" हे लिहिलंत म्हणून कारण लगेच सापडलं. मॅकच्या त्या गोल ८ पिनांच्या पोर्टवर बाहेर जाणारी हँडशेकची तार एकच असते. पीसीवर आरटीएस वेगळी आणि डीटीआर वेगळी, आरटीएस म्हणजे पाठव किंवा थांब, आणि डीटीआर म्हणजे कॉम्प्युटर हजर आहे. मॅकच्या हार्डवेअर हँडशेकिंग केबलमध्ये ही एकच तार मोडेमच्या दोन्ही पिनांना जोडतात. त्यामुळे मॅकने बफर भरला म्हणून जरा थांब म्हटलं की मोडेमला डीटीआरसुद्धा गेलेली दिसते, तो समजतो कॉम्प्युटर गेला, आणि फोन ठेवून देतो.

इनिट स्ट्रिंगमध्ये &डी० घाला, म्हणजे मोडेम डीटीआरकडे लक्षच देणार नाही. बस, एवढंच. मग फोन ठेवायला सॉफ्टवेअरमध्ये डीटीआरऐवजी "+++" आणि एटीएच ही पद्धत निवडायला लागेल. ज्यांच्याकडे जुनी, २,४०० च्या मोडेमबरोबर आलेली मॅक केबल आहे त्यांनी मात्र केबलच बदलावी, त्यात बऱ्याचदा सीटीएसची तार नसतेच आणि फास्ट मोडेमला ती केबल कामाची नाही.

प्रश्न : अमिगा ५०० आणि कमोडोर ६४, दोन्ही आहेत. एकच ३३.६ चा मोडेम दोघांना वापरता येईल का?

येईल, पण दोन्हीकडे वेगळी काळजी. अमिगाला २५ पिनांचा पोर्ट आहे आणि साधी मोडेम केबल चालते, फक्त सगळ्या २५ तारा जोडलेली केबल टाळा, कारण ५०० च्या पोर्टवर ९ आणि १० नंबरच्या पिनांवर +१२ आणि -१२ व्होल्ट आहेत, ते मोडेममध्ये जायला नकोत. सिरियलचं काम पॉला चिप करते आणि तिथेही बफर नावापुरताच. टर्मिनल प्रोग्राम २ किंवा ४ रंगांतच चालवा, हाय-रेझला १६ रंग ठेवले की स्क्रीन दाखवण्यातच चिप रॅमचा (स्क्रीन आणि प्रोसेसर वाटून घेतात त्या मेमरीचा) वेळ जातो, प्रोसेसर ताटकळतो आणि बाइट पडतात. १९,२०० पासून सुरुवात करा, निभावलं तर पुढे जा.

कमोडोर ६४ चं प्रकरण नाजूक. यूजर पोर्टवर ५ व्होल्टचे सिग्नल असतात, मोडेमच्या सिरियल बाजूला (आरएस-२३२) ते अधिक-उणे १२ व्होल्टपर्यंत जातात, थेट जोडलंत तर पोर्ट सांभाळणारी सीआयए चिप जळेल, मधे लेव्हल बदलणारा अडॅप्टर पाहिजेच पाहिजे. आणि तिथे यूएआरटी नाहीच, एकेक बिट प्रोसेसर स्वतः मोजतो, त्यामुळे मूळ रॉमवर १,२०० ते २,४०० च्या वर जाऊ नका. जास्त हवा असेल तर स्विफ्टलिंकसारखं ६५५१ चिपचं कार्ट्रिज मिळालं तर बघा, ते ३८,४०० पर्यंत जातं. मोडेम ३३.६ चा असला तरी २,४०० वर निमूट काम करतो, तुम्ही ज्या स्पीडने एटी टाइप कराल तो स्पीड तो ओळखून घेतो.

प्रश्न : दोन ५६के मोडेम घेऊन दोन कॉम्प्युटर फोनवरून जोडले, ३३.६ च्या वर जातच नाही. एकावर के५६फ्लेक्स लिहिलंय, दुसऱ्यावर व्ही.९०. म्हणून का?

ते एक कारण आहे पण खरं कारण दुसरंच, दोन्ही व्ही.९० असते तरी ३३.६ च मिळाला असता. ५६के फक्त एकाच दिशेला आणि फक्त तेव्हाच मिळतो जेव्हा समोरचं टोक डिजिटल लाइनवर बसलेलं असतं. फोनच्या एक्स्चेंजमध्ये आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजून आकड्यात बदलतात. समोरचा सर्व्हर सरळ आकडेच टाकत असेल तर वाटेत एकच बदल होतो, आकड्यांतून तुमच्या तांब्याच्या तारेवर, आणि ती बारीक पातळी तुमच्या मोडेमला ओळखता येते. दोन्हीकडे साधी लाइन असली की आवाजाचे आकडे करावे लागतात, आणि त्या मोजणीत प्रत्येक आकडा जवळच्या ठरलेल्या पातळीवर बसवताना जी चूक राहते तिथे ५६के संपला. म्हणून घरच्या दोन मोडेममध्ये व्ही.३४, म्हणजे ३३.६ चं स्टँडर्ड, हीच हद्द.

के५६फ्लेक्स आणि एक्स२ हे १९९७ मधले ५६के चे दोन वेगळे प्रकार, एकमेकांशी ५६के बोलत नाहीत, १९९८ मध्ये व्ही.९० ठरल्यावर भांडण मिटलं. तिघेही व्ही.३४ वर मात्र नीट भेटतात, त्यामुळे तुमच्या कामासाठी दोन्ही मोडेम ठेवा.

प्रश्न : आता तांब्याची लाइन राहिलीच नाही, राउटरच्या मागे फोनचा पोर्ट आहे. त्यावर मोडेम डायल करतो, आवाज येतो, कधी जोडतो कधी नाही, जोडला तरी मिनिटाभरात तुटतो.

हे दुखणं आता सगळ्यांचंच आहे. त्या पोर्टमागे तुमचा आवाज पाकिटांत तोडून इंटरनेटवरून जातो. माणसाच्या कानाला एखादं पाकीट उशिरा आलं तर कळत नाही, मोडेमला कळतं, कारण तो सिग्नलची फेज आणि वेळ धरून बसलेला असतो, मधे थोडे जरी नमुने गळले किंवा वाढले की पकड सुटते आणि तो पहिल्यापासून जुळवायला लागतो.

राउटर किंवा अडॅप्टरच्या सेटिंगमध्ये जाता येत असेल तर कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ करा, जी.७२९ वर मोडेम चालणारच नाही कारण तो कोडेक फक्त बोलण्यासाठी बनवलाय. सायलेन्स सप्रेशन बंद. एको कॅन्सलेशन बंद. जिटर बफर (मागेपुढे येणारी पाकिटं सांभाळणारा साठा) आपोआप बदलणारा नको, फिक्स्ड ठेवा, आणि जरा मोठा. मोडेमच्या सुरुवातीला जो लांब २,१०० हर्ट्झचा सूर ऐकू येतो तो वाटेतल्या एको कॅन्सलरना गप्प करण्यासाठीच असतो, पण प्रत्येक अडॅप्टर त्याचं ऐकतोच असं नाही.

आणि स्पीडचा हट्ट सोडा. व्ही.३४ अशा लाइनवर फार हळवा होतो, १४,४०० ला किंवा सरळ ९,६०० ला बांधून टाका, यूएस रोबोटिक्सवर &एन६ म्हणजे ९,६००, इतर बऱ्याच मोडेमवर "एटी+एमएस=" ने होतं. ९,६०० वर तासभर टिकलेलं कनेक्शन ३३.६ वर दर मिनिटाला तुटणाऱ्यापेक्षा जास्त फाइली उतरवून देतं.

फक्त दोन मशीन एकमेकांशी बोलवायची असतील तर लाइनच्या नादी न लागता दोन्ही मोडेम एका साध्या फोनच्या वायरने थेट जोडून बघा. एकावर "एटीएक्स३डी" द्यायचं, म्हणजे तो डायल टोनची वाट बघत नाही, आणि लगेच दुसऱ्यावर "एटीए". बरेच मोडेम असेच उचलतात आणि ३३.६ पूर्ण देतात. काहींना लाइनवर थोडा करंट लागतो, त्यांच्यासाठी मधे लाइन सिम्युलेटर (फोनलाइनची नक्कल करणारा डबा) टाकायला लागेल.